जेवताना वाढते की थांबते?

जिभेची आग होते म्हणून माझ्याकडे येणारा माणूस बहुतेक वेळा तिसऱ्या नाहीतर चौथ्या डॉक्टरकडे आलेला असतो. पिशवीत बी-कॉम्प्लेक्सच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्या, तोंड आल्यावर लावायचं जेल, ग्लिसरीनची बाटली, पित्ताच्या गोळ्या आणि शेजारणीने सांगितलेला गुलकंद. जीभ बाहेर काढायला सांगितली की पुष्कळदा तिच्यावर दिसण्यासारखं काहीच नसतं, आणि “तुम्हाला काही झालेलं नाही” हे वाक्य त्या माणसाने आधीच ऐकलेलं असतं. आग मात्र महिनोन् महिने चाललेली असते.

मी पुण्यात मुखरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माझी मावशी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एमबीबीएस डॉक्टर आहे. तिचा दवाखाना माझ्या जन्माच्याही आधीपासूनचा. तिचे काही रुग्ण माझ्याकडे येतात आणि परत जाताना तिच्यासाठी माझी चिठ्ठी घेऊन जातात. जिभेच्या आगीवरून आमचं पूर्वीपासून पटत नाही. मागे ती पुण्याला राहायला आली तेव्हा एक अख्खी दुपार आम्ही यावरच वाद घातला. त्यातलं रुग्णाच्या उपयोगाचं जे आहे ते इथे देते आहे. मावशीचं म्हणणं माझ्या सोयीने मवाळ केलेलं नाही.

मावशी : तुझ्या त्या चिठ्ठीत होतं, “बी-१२ सुरू करण्याआधी पातळी तपासली असती तर बरं झालं असतं.” वाचून मला राग आला, आधीच सांगते. ती बाई कांदा काढणीची मजुरी बुडवून आली होती. बी-१२ची तपासणी आमच्या गावात होत नाही, नमुना सोलापूरला जातो. पैसे तिने भरायचे, रिपोर्ट घ्यायला आणखी एक दिवस तिनेच मोडायचा. जीभ लाल, तुळतुळीत, वरचे काटे गेलेले. ओठांचे कोपरे फाटलेले. पापणी खाली ओढून पाहिली तर पांढरीफटक. घर तीन पिढ्यांचं माळकरी. एवढं समोर दिसत असताना मी कागदाची वाट बघत बसू?

मी : तुझं निदान चुकलं असं मी म्हटलंच नाही. पण गोळी सुरू झाली की रक्तातली पातळी वर चढते. मग पुढे कुणीही तपासलं तरी रिपोर्ट छान येतो. आग थांबली की बाई गोळ्या सोडते, काही काळाने पुन्हा आग सुरू होते. तेव्हा कळायला हवं असतं, की कमतरता खाण्यातून आली होती की तिच्या पोटाला बी-१२ शोषूनच घेता येत नाही. खाण्यातली असेल तर गोळ्यांवर भागतं. शोषणातली असेल तर जन्मभर इंजेक्शनं घ्यावी लागू शकतात. पहिलं रक्तच नसेल तर हे उलगडायचं कसं?

मावशी : आपल्याकडे बहुतेकांचं खाण्यातलंच असतं.

मी : असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मध्यमवयीन पुरुष तपासले होते. २००६ साली ते प्रसिद्ध झालं. एकूण ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के.

मावशी : मग माझ्याच बाजूने बोलतेस की!

मी : अर्धी तुझ्या बाजूने. इतक्या लोकांचं बी-१२ कमी आहे, पण इतक्या लोकांची जीभ जळत नाही. म्हणजे आग होणाऱ्या माणसाचं बी-१२ कमी सापडलं, तरी आग त्यामुळेच होते असं ठरत नाही. आपल्याकडे ते कमी सापडण्याचीच शक्यता जास्त. सापडलं की डॉक्टरचं समाधान होतं आणि तोंडात पुढे बघायचं राहून जातं.

हे तिला पटलं असावं, कारण यावर ती काही बोलली नाही. मधल्या मध्ये वाचकांसाठी एक सांगते. मोड आलेल्या कडधान्यात, आंबवलेल्या पिठात किंवा पालेभाजीत बी-१२ असतं असं अनेक घरांत मानलं जातं. त्यांवर विसंबता येत नाही. बी-१२ सूक्ष्मजीव बनवतात आणि आपल्यापर्यंत ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून येतं. मोठ्या पेलाभर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज दोनाच्या थोडी वर आहे. चहात पडणाऱ्या दुधाने ती भागत नाही. शिवाय मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं आणि पित्तासाठी पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी कमी होतं. जीभ जळते म्हणून पित्ताची गोळी, आणि पित्ताच्या गोळीने कालांतराने बी-१२ खाली, असं चक्र मी पुष्कळ पिशव्यांमध्ये पाहिलं आहे.

मावशी : तुला ल्युसी विल्स माहीत आहे ना? १९२८ साली मुंबईला आली होती. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका रक्त कमी होऊन मरत होत्या, त्याचा शोध घ्यायला. यीस्टचा अर्क, ते मार्माइट, दिलं आणि बायका उठून बसल्या. त्यात नेमकं काय आहे हे तिला माहीत नव्हतं. पालकाच्या पानांतून फॉलिक आम्ल वेगळं काढलं गेलं ते १९४१ मध्ये. तोवर या बायकांनी थांबायचं होतं का?

मी : ल्युसी विल्स माझी आवडती आहे, तिला माझ्याविरुद्ध उभी करू नकोस. पदार्थाचं नाव तिला माहीत नव्हतं, पण औषध देण्याआधीचं आणि नंतरचं रक्त ती मोजत होती. म्हणून तर शोध लागला. आणि पुढचा धडा विसरलीस? फॉलिक आम्ल एकटंच दिलं तर बी-१२ कमी असलेल्या रुग्णाचंही रक्त सुधारतं, पण मज्जातंतू खराब होत राहतात. वरवर बरं दिसणाऱ्या माणसाच्या पायांची संवेदना जाते.

मावशी : मी एकटं फॉलिक कधी देत नाही.

मी : तू देत नाहीस. पण बी-कॉम्प्लेक्स म्हणून दुकानातून काहीही हातात पडतं. काहींत बी-१२ नावापुरतं असतं, काहींत नसतंच. आणि लोह त्यात धरलेलंच नसतं. जीभ तुळतुळीत व्हायला लोहाची कमतरताही पुरते. पाळीचा रक्तस्राव जास्त, जेवणाबरोबर चहा, अशा बाईला नुसती बी-कॉम्प्लेक्स देऊन काय होणार?

मावशी : बरं. रक्त आधी काढते, आणि सुई बाहेर आली की त्याच मिनिटाला गोळी देते. रिपोर्ट येवो न येवो, बाईला रिकाम्या हाताने पाठवणार नाही.

मी : माझं भांडण गोळीशी नव्हतंच. हिमोग्लोबिन, बी-१२, जमलं तर फेरिटिन, आणि साखर. एकदाच सुई.

मावशी : थायरॉइड?

मी : वजन, थकवा, केस, पाळी यांत काही दिसलं तर. प्रत्येकीचं नको.

इथवर आमचं थोडंफार जुळलं. पुढचा विषय मावशीने काढला, आणि त्यात तिचा अनुभव माझ्यापेक्षा मोठा आहे.

मावशी : बावीस-तेवीस वर्षांची पोरं येतात. “मॅडम, तिखट सोसत नाही. भाकरी-ठेचा खाल्ला की तोंडात जाळ.” त्यांना मी जीभ काढायला सांगत नाही. म्हणते, आ कर आणि तुझीच तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घाल.

मी : आणि जात नाहीत.

मावशी : काहींची दोनसुद्धा जात नाहीत. मग खिशातून माव्याची पुडी निघते. चंद्रपूर-नागपूरकडचा असला तर खर्रा. एखादा अगदी मनापासून सांगतो, “तंबाखू नाही मॅडम, नुसती सुपारी.”

मी : नुसती सुपारीच पुरते. गालाच्या आतल्या मऊ त्वचेखाली चिवट तंतू साठत जातात आणि तोंड उघडेनासं होतं. सुपारीतलं ॲरिकोलीन आणि तिच्यातलं तांबं, दोन्ही मिळून ते तंतू वाढवतात. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांमध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या डॉ. जोशींनी आपल्याकडचे रुग्ण मांडले. तेव्हा तो क्वचित दिसणारा आजार होता. आता माझ्याकडे कॉलेजातली मुलं येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवलं. आपल्याकडे मात्र ती अजून लग्नाच्या पंगतीनंतर तबकात फिरते.

मावशी : २०१२ला गुटखाबंदी झाली तेव्हा मला वाटलं होतं, हे पेशंट कमी होतील. मावा टपरीवर हाताने घोटून मिळतो, त्याला कंपनीच्या पुडीची गरजच काय?

मी : या मुलांच्या बाबतीत बी-कॉम्प्लेक्सचा मला सगळ्यात जास्त राग येतो. तिखटाने आग होणं ही या आजाराची पहिली खूण असते. तोंड त्या वेळी पुष्कळदा पूर्ण उघडत असतं. तेव्हाच कुणी गालाच्या आत बघितलं, बोट फिरवलं, तर फिकट, संगमरवरासारखी दिसणारी त्वचा सापडते. ती वेळ कॅप्सूलमध्ये गेली की मुलगा परत येतो तो दोन बोटांवर. साठलेले तंतू पूर्वीसारखे मऊ करणारं औषध नाही. इंजेक्शनं आहेत, तोंड उघडायचे व्यायाम आहेत, फार झालं तर शस्त्रक्रिया. पण सुपारी सुटल्याशिवाय यातलं काहीच टिकत नाही. आणि धोका नुसता तोंड न उघडण्याचा नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधन विभागाने केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातले ६६ रुग्ण १७ वर्षं पाहिले. त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कर्करोग झाला.

मावशी : मी त्यांना चांगलं फैलावर घेते.

मी : म्हणून ते पुन्हा तुझ्याकडे येत नाहीत, माझ्याकडे येतात, तेही उशिरा. मी मोबाइलवर त्यांच्याच गालाचा फोटो काढून दाखवते. पांढरा पट्टा स्वतः पाहिला की बोलणं सुरू होतं. मिश्री लावणाऱ्या बायकांचंही तेच. “दात घासायला तेवढी” म्हणतात आणि दिवसातून चार वेळा लावतात. त्यांना ओरडलं तर मिश्री थांबत नाही, सांगणं थांबतं.

मावशी : ओरडल्यामुळे सोडलेलेही दाखवीन तुला.

दाखवील, याबद्दल मला शंका नाही. गावात चाळीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेल्या बाईच्या ओरडण्याला जे वजन असतं ते माझ्याकडे नाही.

त्यानंतर आम्ही काही कारणं भराभर मागे टाकली, कारण त्यांवर वाद नव्हता. दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणारा माणूस, रात्री कवळी न काढणारे आजोबा, नुकतीच अँटिबायोटिक्स संपवलेली बाई, साखर आटोक्यात नसलेला रुग्ण : यांच्या तोंडात बुरशी वाढते. कधी ती दह्यासारख्या पांढऱ्या थराने दिसते, कधी नुसता लाल डाग असतो. बुरशीवरच्या औषधाने आग थोड्या दिवसांत जाते, पण कवळी तोंडात ठेवून झोपणं चालू राहिलं तर ती परत येते. जिभेवर नकाशासारखे, जागा बदलणारे लाल पट्टे उठतात, ते निरुपद्रवी असतात. तिखट-आंबट झोंबतं एवढंच. गालाच्या आत पांढऱ्या जाळीसारख्या रेषा असतील तर तो लायकेन प्लेनस, आणि तो तज्ज्ञाने पाहायला हवा. टूथपेस्ट बदलल्यावर आग सुरू झाली असेल तर दालचिनी, लवंग, पुदिना किंवा जास्त फेस आणणारं द्रव्य नसलेली साधी पेस्ट दोन-तीन आठवडे वापरून पाहावी. दारू असलेला माउथवॉश बंद करावा. रामिप्रिल, एनालाप्रिल अशा रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींची जीभ जळते. त्या आपल्या मनाने थांबवायच्या नाहीत, डॉक्टरला सांगून बदलून घ्यायच्या. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या आणि लघवीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि कोरडी जीभ चुरचुरते.

एका गोष्टीवर तर आम्ही दोघीही एका सुरात बोललो. जिभेच्या एकाच बाजूला आग किंवा बधिरपणा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, हाताला कडक लागणारी गाठ, निघत नाही असा पांढरा किंवा लाल चट्टा, गिळताना अडकणं : यांतलं काही असेल तर घरगुती उपाय करत बसायचं नाही.

खरा वाद उरला तो ज्यांच्या जिभेवर काहीच दिसत नाही त्यांच्यावरून. अशा रुग्णांमध्ये बायका जास्त, आणि त्यातही पाळी गेलेल्या. सकाळी उठताना जीभ बरी असते, दुपारपासून चुरचुरू लागते, संध्याकाळी गरम चहाने पोळल्यासारखी होते. तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव. रक्त, साखर, सगळं ठीक.

मावशी : मी त्यांना एकच प्रश्न विचारते. जेवताना आग वाढते की थांबते?

मी : तोच प्रश्न मीही विचारते.

मावशी : तर मग उत्तर तुलाही माहीत आहे. जखम असेल, बुरशी असेल, रक्त कमी असेल, सुपारीचं असेल, तर जेवताना झोंबतं. ज्यांची जेवताना थांबते, कामात असताना जाणवत नाही, झोपेत उठवत नाही, त्यांच्या जिभेला काही झालेलं नसतं. त्यांच्या आयुष्याला झालेलं असतं. मुलगा बाहेरगावी, सून बोलत नाही, नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरात. ते बोलायला जागा नसते, म्हणून जीभ जळते. मी अर्धा तास ऐकते. ती रडते. पुढच्या वेळी आग कमी असते.

मी : तू ऐकतेस हे उत्तमच करतेस. पण त्यावरून जो अर्थ काढतेस तो मला मान्य नाही. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेचा अगदी छोटा तुकडा काढून पाहिला. त्यातले वेदना वाहून नेणारे बारीक मज्जातंतू लक्षणीय कमी झालेले होते. साध्या डोळ्यांना आणि आरशाला हे दिसणं शक्यच नाही. ज्या जिभेला तू “काही झालेलं नाही” म्हणतेस, तिचे मज्जातंतूच विरळ झालेले असतात.

मावशी : मज्जातंतू कमी झाले तर बधिर व्हायला हवं. आग का होते?

मी : मधुमेहात पायांची आग होते तशी. आजारी मज्जातंतू गप्प बसत नाहीत. जिभेच्या बाबतीत आणखी एक कल्पना आहे. जिभेच्या पुढच्या भागाची चव कानाच्या पडद्यामागून जाणाऱ्या एका बारीक मज्जातंतूतून मेंदूकडे जाते, आणि त्या चवीचा वेदनेच्या मार्गावर लगाम असतो. चवीचा मज्जातंतू दुबळा झाला की लगाम ढिला पडतो. आता तुझा प्रश्न घे. जेवताना आग का थांबते? कारण जेवताना चव पूर्ण जागी असते.

यावर मावशी बराच वेळ काही बोलली नाही. हे स्पष्टीकरण सगळ्यांनी स्वीकारलेलं आहे असं मी तिला सांगितलं नाही, कारण तसं ते नाही. पण जेवताना थांबणारी आग म्हणजे मनाचा खेळ, हा निष्कर्ष त्यामुळे पक्का राहत नाही.

मावशी : आणि माझ्याकडे रडून बऱ्या झालेल्या बायका? त्यांचे मज्जातंतू रडल्याने उगवले का?

मी : नाही. पण वेदना कमी-जास्त होण्यात काळजी, झोप, एकटेपणा यांचा हात असतोच. २०२० साली तोंड आणि चेहऱ्याच्या वेदनांचं जे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण आलं, त्यात या आजाराला स्वतंत्र जागा आहे : रोज दोन तासांहून अधिक, तीन महिन्यांहून अधिक काळ, आणि तोंडात कारण दिसत नाही. त्या व्याख्येत मनाचं नाव नाही. काळजी करण्याच्या सवयीवर बोलण्यातून काम करणारी उपचारपद्धती या रुग्णांना उपयोगी पडते, मीही त्यांना पाठवते. पण बाईला “हे तुझ्या मनात आहे” म्हटलं की ती दोनच गोष्टी करते. एक तर दुसरा डॉक्टर गाठते, नाहीतर घरच्यांपुढे गप्प होते. घरातले म्हणतात, डॉक्टरनीच सांगितलंय, काही नाही म्हणून.

मावशी : मी “मनात आहे” असं तिला कधीच म्हणत नाही. म्हणते, “जीव दमलाय तुझा.”

मी : ऐकणाऱ्याला दोन्हीचा अर्थ एकच लागतो, मावशी.

मावशी : माझ्या गावात नाही लागत. तिथे जीव दमलाय म्हटलं की सासूसुद्धा दोन दिवस काम सांगत नाही.

हे मला माहीत नव्हतं, आणि आता मीही काही रुग्णांना तसं सांगते, मज्जातंतूंचं समजावून झाल्यानंतर.

या बायकांना सर्वांत मोठी भीती कर्करोगाची असते. त्या रोज आरशात जीभ ओढून ओढून पाहतात आणि जिभेच्या मुळाशी व्हीच्या आकारात रांगेने असलेले आठ-बारा मोठे उंचवटे सापडले की रात्रभर जागतात. ते उंचवटे प्रत्येकाला जन्मापासून असतात, चवीचे असतात. तपासून झाल्यावर “हा कर्करोग नाही आणि यातून पुढे कर्करोग होत नाही” हे स्पष्ट शब्दांत, घरच्यांसमोर सांगणं हा उपचाराचा पहिला भाग आहे. जीभ दातांवर घासत राहण्याची, दात आवळून धरण्याची सवयही याच काळजीतून लागते आणि आग वाढवते. ती सवय दाखवून दिली की निम्म्याजणी हसतात, कारण त्या क्षणीही जीभ दातांवर फिरत असते.

मावशी : मग उपाय काय देतेस? क्लोनॅझेपाम ना? तू लिहिलेली चिठ्ठी मी फाडून टाकली होती, आठवतं? झोपेची गोळी साठीच्या बाईला! सवय लागेल, रात्री उठताना पडेल, खुबा मोडेल.

मी : ती गिळायची नव्हती, आणि ते मी चिठ्ठीत लिहिलं होतं. एक मिलिग्रॅमची गोळी जिथे आग होते तिथे तोंडात तीन मिनिटं धरायची, विरघळलेली लाळ तिथेच ठेवायची आणि मग थुंकून टाकायची. २००४ साली फ्रान्समध्ये ४८ रुग्णांवर याची चाचणी झाली, दिवसातून तीनदा, १४ दिवस. औषध नसलेल्या साध्या गोळीपेक्षा फरक स्पष्ट होता.

मावशी : थुंकली तरी थोडी पोटात जाणारच.

मी : जाते. म्हणून कमीत कमी, ठरावीक दिवस, आणि पडण्याचा धोका असलेल्यांना जपून. चिठ्ठीशिवाय तर नाहीच.

मावशी : आणि ते अल्फा लिपोइक आम्ल? आमच्याकडे औषध कंपन्यांचे एमआर येऊन फार सांगून जातात.

मी : सुरुवातीच्या चाचण्या चांगल्या होत्या, नंतरच्या काहींत साध्या गोळीइतकाच गुण आला. २०१६ साली कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात या आजारावरच्या २३ चाचण्या एकत्र तपासल्या. कुठल्याही एका उपायाची हमी द्यावी असा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून मी रुग्णाला हमी देत नाही. महागडी गोळी तीन-तीन महिने तर मुळीच लिहीत नाही.

मावशी : माझी आई अशा बाईला मिरचीच्या पाण्याने चूळ भरायला सांगायची. मला तो अघोरीपणा वाटायचा.

मी : त्यावर तर अभ्यास झालेले आहेत. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूवरचं जे दार उघडतं, त्याच दाराने उष्णतेची जाणीव होते. ते दार १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांनी शोधलं, २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. आग होणाऱ्या जिभांमध्ये ही दारं वाढलेली आढळली आहेत. अगदी पातळ मिरचीपाण्याने रोज चूळ भरली तर काहींच्या बाबतीत ती थकतात. सुरुवातीला मात्र आग वाढते, पुष्कळजणी तिथेच सोडतात. आणि जखम, लायकेन प्लेनस किंवा सुपारीचं तोंड असेल तर हे मुळीच करायचं नाही. म्हणून घरी आपल्या मनाने नको.

मावशी : मी बर्फाचा तुकडा चोखायला सांगते. साखर नसलेलं च्युइंगम. रात्री जिभेला साजूक तूप.

मी : सगळं चालेल. ज्येष्ठमधही बऱ्याच जणी सतत चघळतात, त्याने बरं वाटतं. पण रक्तदाब असेल तर ते सांग. ज्येष्ठमध जास्त झालं की दाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. तुरटीच्या पाण्याने चूळ नको, तोंड आणखी कोरडं पडतं.

मावशी : पूर्ण बरी होते का गं, एक तरी?

मी : होतात काही. बऱ्याच जणींची आग निम्म्यावर येते आणि त्यांना तेवढं पुरतं. काहींची वर्षानुवर्षं राहते, आणि त्यांना मी तसं सांगते. सांगितलं की त्या नवे नवे डॉक्टर शोधणं थांबवतात, त्या पैशाने दुधाचा रतीब वाढवतात.

मावशी : बरं, ती माझी पेशंट. निवृत्त शिक्षिका, जेवताना थांबते ती. बी-१२ ठीक निघालं, साखर ठीक, लोहही. तिला तुझ्याकडे पाठवते. क्लोनॅझेपाम मी लिहिणार नाही. तुला लिहायची तर तू लिही, आणि कधी बंद करायची तेही त्याच कागदावर लिही, मोठ्या अक्षरात. गावात एकदा लिहिलेली गोळी दुकानदार पाच वर्षं देत राहतो.

मी : लिहिते. दोन आठवड्यांनी ती तुझ्याकडेच येईल. आग दहापैकी किती, एवढं विचार आणि कळव. आकडा उतरला नसेल तर मी गोळी पुढे नेणार नाही.

मावशी : आणि तिचं ऐकायचं ते?

मी : ते तूच कर. ती तुझ्याशी बोलते.